कुणीकडचे

माहीमच्या मागच्या गल्लीतला हा हॉल
मुहूर्त असेल त्या दिवशी लग्नाला जातो,
नसेल त्या दिवशी आम्हाला.
म्हणून नवं कॅलेंडर आलं की
आम्ही आधी मुहूर्त बघतो
आणि तोंडं वाईट करतो.
वैशाखात तर चार-चार दिवस घरी,
सुनेच्या मीटिंगच्या पलीकडल्या खोलीत,
खोकला गिळत.
अधिक महिना लागला की भोईर पेढे वाटतात.
बिनसाखरेचे.

सकाळी प्रणिता वही उघडते:
नाव, वेळ, सोडणाऱ्याची सही.
चौतीस वर्षं मी वडाळा डेपोत टाइमकीपर होतो.
माझ्या सहीशिवाय गाडी गेटबाहेर गेली नाही.
आता माझ्या नावापुढे सून सही करते
आणि नऊ एकेचाळीसला नऊ चाळीस लिहिते.
मी बोलत नाही.
खिशातल्या डायरीत, माझ्यापुरतं, बरोबर लिहून ठेवतो.

मग रक्तदाब. मग खुर्चीतला व्यायाम.
मुकादमचाचा हात वर नेतात आणि तिथेच विसरतात.
प्रणिता येऊन तो उतरवते,
वाळलेला टॉवेल दोरीवरून काढावा तसा.

काल रात्रीचं लग्न उशिरा संपलं असावं.
स्टेजवर दोन सिंहासनं तशीच, लाल मखमलीची.
थर्माकोलच्या अक्षरांत मुलीचं नाव पूर्ण,
मुलाचं अर्धं उखडलेलं.
अक्षता आमच्या चपलांना चिकटत होत्या
आणि मसालेभाताचा वास अजून रेंगाळत होता
ज्यांना मीठ वर्ज्य त्यांच्या नाकाशी.

धुरंधरबाई, एके काळच्या मेट्रन,
दारातच थबकल्या. पदर सारखा केला.
आणि एकेका खुर्चीपाशी जाऊन विचारत सुटल्या,
"तुम्ही कुणीकडचे?
मुलीकडचे की मुलाकडचे?"

प्रणिता काही सांगायला पुढे झाली,
तोवर भोईर बोलून गेले,
"मुलाकडचे. आणि चहा आला नाय अजून."
मुकादमचाचा म्हणाले,
"मुलीकडचे. म्हसळ्याहून आलो, रात्रभर जागून."
मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, मुलीकडचा.
का म्हणालो ठाऊक नाही.
मला मुलगी नाही.

मग दिवसभर ते लग्न चाललं.
कॅरमवर पावडर पडून राहिली.
दुपारची मऊ खिचडी
धुरंधरबाईंनी वाडगा घेऊन आग्रहाने वाढली,
"एवढंच? मुलीकडचे लाजतात, मला माहीत आहे."
मुलाकडच्यांचा पापड राहिला
म्हणून भोईर रुसले. नाटक नाही,
खरंच रुसले, खुर्ची भिंतीकडे फिरवून.
तेव्हा मुकादमचाचा आपणहून उठले,
टेबलं धरत धरत गेले,
आपल्या ताटातला अर्धा पापड
त्यांच्या ताटात ठेवला
आणि हात तिथेच विसरले.
भोईरांनी तो बराच वेळ हातात धरला.

नवरानवरी कुठे आहेत,
हे मात्र कुणीच विचारलं नाही.

सून आली पाच सातला. लिहिले पाच.
मी उठलो तशा धुरंधरबाई
माझं कोपर धरून दारापर्यंत आल्या.
माझा डबा, माझी काठी, गोळ्यांची पिशवी
एकेक मोजून तिच्याकडे दिली
आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या,
"आमचं माणूस जरा हट्टी आहे.
पण लागट नाही.
सांभाळून घ्या."

सून "हो" म्हणाली,
लग्नात म्हणतात तसं, खाली बघून.
टॅक्सीत बसल्यावर माझ्या बाजूचं दार
तिने दोनदा ओढून बघितलं.

मी डायरी काढली.
गाडी सुटली: पाच चौदा.
सही

इथे पेन थांबलं.
उद्या मुहूर्त आहे का,
बघायचं राहूनच गेलं.